सतरावा प्रश्न

नीला,

तुझ्या शोकसभेला किती माणसं आली ते मी मोजलं. मोजायला नको होतं, पण अर्धं आयुष्य मोजण्यात गेलं, सवय कुठे जाते. न्यू टाउनमधल्या आपल्या ऑफिसचा तो वरचा हॉल. माझ्या व्याख्यानाला तिथे पुढच्या दोन रांगा भरल्या तरी मी आठवडाभर खुशीत असायचो. तुझ्या सभेला खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. तुझ्या हाताखाली फॉर्म भरायला शिकलेले सगळे आले, मराठी मंडळातल्या काकू आल्या, आणि तुझ्या घराजवळचा, बेहालाचा मासेवाला आला, धंदा सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या मासेवाल्याला माझं नावसुद्धा माहीत नाही. मी मागे उभा राहून, माझ्या वेळेला यातले किती जण येतील याचा अंदाज बांधत होतो. निम्म्याच्या खालीच अडकलो.

घरी येऊन मेधाला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "गेलेल्या माणसाशी कसली बरोबरी करतोस रे?" बायको म्हणून तिने माझी पुष्कळ बाजू घेतली आहे, यात घेता आली नाही.

तुला जाऊन महिना होत आला. माणूस गेलं की त्याचं चांगलंच आठवतं म्हणतात. मलाही तुझं चांगलंच आठवतंय, आणि तीच पंचाईत आहे, कारण तुझ्या चांगल्याचाच मला इतकी वर्षं त्रास झाला. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी जरा भांडायचं आहे, तेव्हा ऐकून घे.

आपण एकाच महिन्यात रुजू झालो, मी अकोल्याहून आणि तू इथल्याच बेहालाहून. ऑफिसातल्यांना वाटलं, दोन मराठी माणसं, आता यांचं गूळपीठ जमणार. तुझे बाबा बँकेतून बदलून बंगालात आले ते इथलेच झाले, तू शाळा-कॉलेज इथेच केलंस, त्यामुळे तुझं मराठी घरापुरतं. पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, "चहा खातोस?" बंगालीत चहा, पाणी, सिगरेट सगळं खातातच. मी तुला लगेच सुधारलं. पुढे वीस वर्षं सुधारत राहिलो आणि तू वीस वर्षं चहा खात राहिलीस. तुझ्यापेक्षा मला बरी येणारी ती एकच गोष्ट होती, म्हणून मी ती सोडली नाही.

आपलं काम सांगायला सोपं. धान कापून झालं की दक्षिणेकडच्या त्या गावांत जायचं, दरवर्षी त्याच घरांत, आणि तेच प्रश्न विचारायचे. काय पेरलं, शेतात कोण राबलं, विकलं कुठे, आणि त्या आठवड्यात घरात काय शिजलं, किती शिजलं. पहिल्या वर्षी आपण दोघंही गेलो होतो. मी पुस्तकी बंगालीत, कागदावर लिहिलेला प्रश्न जसाच्या तसा वाचायचो. सकाळी काय खाल्लं? पांता. किती तांदळाचा? एवढ्या. रात्री काय खाल्लं? भात. किती तांदळाचा? एवढ्या. असं घरामागून घर लिहीत गेलो. आपली खेडी कमी जेवतात असं कोण म्हणतं, असं मनात म्हणत होतो.

परत येताना तू टपरीवर गाडी थांबवलीस आणि माझे फॉर्म चाळायला घेतलेस.

"सुधीर, पांता म्हणजे काय माहितेय ना तुला?"

"सकाळचा भात."

"रात्रीचा भात. उरलेला. पाणी घालून ठेवतात आणि सकाळी मीठ-मिरचीशी खातात. तू एकच भात सगळ्यांना दोनदा जेवायला घातलास."

अकोल्यात जन्मभर शिळ्या भाताला फोडणी देऊन खाल्लेल्या माणसाने ही चूक करावी. मी लाल झालो. तू हसलीस, पण पुरतं हसलीसही नाहीस. निम्मे फॉर्म माझ्याकडे ठेवून निम्मे स्वतःच्या मांडीवर घेतलेस आणि बेहाला येईपर्यंत हलत्या गाडीत दुरुस्त्या करत बसलीस. ऑफिसात याबद्दल तू कुणालाही, कधीही, एक शब्द बोलली नाहीस. मला तेच झोंबलं. चारचौघांत सांगितलं असतंस तर तुझ्यावर मनासारखं रागावता तरी आलं असतं.

त्यानंतर वाटणी आपोआप झाली. तू गावात जायचीस, मी ऑफिसात बसून तुम्ही आणलेले आकडे साफ करायचो. साफ करणं म्हणजे चुकलेलं, अर्धवट राहिलेलं, न पटणारं काय आहे ते हुडकून नीट करायचं. माझं काम मला आवडायचं. पण मीटिंगमध्ये डायरेक्टर माझे तक्ते उलटून टाकायचे आणि तुझ्या फॉर्मच्या कडेला तू पेन्सिलीने लिहिलेलं मोठ्याने वाचायचे. पानमळ्यात बाई उन्हं वर येईपर्यंत वेल बांधते, पण नवऱ्यासमोर विचारलं तर "मी काही करत नाही" म्हणते, मळ्यातच विचारावं. असलं काहीतरी. सगळे माना डोलवायचे. मीही डोलवायचो, आणि पोटात दुखायचं. हेवा म्हणतात तो हाच. गोड शब्द सापडला तर कळवीन.

आपलं खरं भांडण मात्र जेवणावरून होतं. फॉर्म भरणाऱ्यांसाठी नियमांची पुस्तिका मी लिहिली होती, आणि त्यातला एक नियम असा होता की ज्या घरी प्रश्न विचारायचे त्या घरी जेवायचं नाही. चहापर्यंत ठीक. माझं कारण साधं होतं. आपण जेवायला बसलो की ते तळ्यातून मासा काढणार, दोन भाज्या जास्त करणार, मग तो आठवडा त्यांचा नेहमीचा आठवडा राहत नाही.

"पण पाहुणा येणं हे त्यांच्यासाठी नेहमीचंच आहे," तू म्हणायचीस. "ज्या घरात कुणी येतच नाही असं घर तू कुठे बघितलंस?"

"तू पाहुणी नाहीस. तू संशोधक आहेस."

"हे शेफालीला सांगायला तूच चल. एकदा जेवायला चल, मग बोलू."

शेफाली मंडल. आपल्या यादीतलं गावाच्या टोकाचं घर, ती आणि तिचा नवरा, थोडं धान आणि एक पानमळा. तू दरवर्षी तिच्याबद्दल सांगायचीस आणि दरवर्षी "चल" म्हणायचीस. माझ्याकडे कारण तयार असायचं. कधी अहवाल, कधी पाठदुखी, कधी मेधाची आई. खरं कारण आज सांगतो. तुला त्या अंगणात शिरताना बघायला लागलं असतं. लोक माझ्याशी नियमाने बोलतात आणि तुझ्याशी मनाने, हे कागदावरून कळणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. तेवढं माझं धैर्य नव्हतं.

आता ती गोष्ट.

फॉर्ममधला सतरावा प्रश्न तुला पाठ होता: या आठवड्यात घरच्या माणसांखेरीज किती जण जेवले? मंडलांचं घर यादीत उशिरा आलं, आणि त्या पहिल्या वर्षी तू त्यांच्यापुढे लिहिलंस, एक. दुसऱ्या वर्षी एक. तिसऱ्या वर्षी एक. बाकी घरांत हा आकडा खालीवर व्हायचा, लग्न असलं की वाढायचा, आजारपण असलं की शून्य. मंडलांकडे मात्र ठरल्यासारखा एक. माझ्या लक्षात आलं तेव्हा मला काय वाटलं सांगू? आनंद झाला, नीला. अगदी लहान मुलासारखा. मला वाटलं, सापडली. ही बाई शेवटच्या घरी पोचेपर्यंत दमते आणि गेल्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून उतरवते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचा मला पगारच होता.

तुला विचारायला हवं होतं. आपली टेबलं समोरासमोर होती. मी विचारलं नाही. मी तो एक पुसून शून्य केलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "शंकास्पद". पुढल्या वर्षी पुन्हा तेच. शिवाय कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं की एखाद्या घराचा हा आकडा गेल्या वर्षीइतकाच आला तर ती ओळ लाल कर. अकरा वर्षं, अकरा शून्यं. तुझी चूक मी दागिन्यासारखी जपली, कधीतरी घालायला मिळेल म्हणून.

आणि ती वेळ आली. दोन वर्षांपूर्वी सगळ्या कामाचं प्रमुख एकालाच करायचं ठरलं. तूच होणार हे शिपायालासुद्धा माहीत होतं. डायरेक्टरांनी मला आत बोलावलं आणि सहज विचारलं, नीलाचं काम कसं वाटतं? मी म्हणालो, "माणसं फार छान जोडते." मग थांबलो. थांबणं मला चांगलं जमतं. मग म्हणालो, "पण काही घरांचे आकडे दरवर्षी तेच येतात. उतरवलेले असावेत. मी सांभाळून घेतो." एवढंच. माझी चूक तू माझ्या एकट्याशीच बोलली होतीस. तुझी चूक मीही एकांतातच बोललो, फक्त समोर दुसरंच माणूस होतं.

मला प्रमुख केलं. तू दुसऱ्या दिवशी मिठाईवाल्याकडून नव्या गुळाचा संदेश आणलास, सगळ्यांना वाटलास आणि मला दोन दिलेस. म्हणालीस, "बरं झालं बाबा, त्या मीटिंगा मला झेपल्या नसत्या." मी ते खरं धरलं. खरं धरणं सोयीचं होतं.

मग यंदा धान कापणीला आलं आणि तू गेलीस. सकाळी, घरी, कुणाला काही कळायच्या आत. आपलं काम असं की घरांना दरवर्षी त्याच आठवड्यांत जावं लागतं, नाहीतर मागच्या वर्षाशी तुलना करता येत नाही. तुझी घरं कुणाला द्यायची यावर मी, प्रमुख म्हणून, तीन दिवस विचार केला. मंडलांचं घर मी स्वतःकडे ठेवलं. वाटलं, जाऊन बघूच ती किती उतरवत होती. तू जाऊन आठवडाच झाला होता आणि मी हे मनात घेऊन गाडीत बसलो, तेव्हा माझी जात तू ओळखून घे.

बेहालात मेट्रोच्या खांबांखाली, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी, ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि बाजूला घेतली. दरवर्षी तू तिथूनच गाडीत बसायचीस. थोड्या वेळाने त्यानेच "सॉरी स्यार" म्हणून गिअर टाकला.

शेफाली अंगणात धान पसरत होती. मला तिने ओळखण्याचं कारणच नव्हतं. माझ्या हातातले कागद मात्र तिने ओळखले आणि माझ्या मागे बघितलं.

"दिदी आशेनि?"

दिदी आली नाही का? मी म्हणालो, "दिदी नेई." दिदी नाही. तिला वाटलं तू नोकरी सोडलीस. म्हणून मला दुसऱ्यांदा, स्पष्ट शब्दांत सांगावं लागलं. ती धानावरच बसली. बराच वेळ हाताने दाणे इकडचे तिकडे करत राहिली. मग तिने विचारलं, "कधी?" मी सांगितलं. मग विचारलं, "सकाळी काही खाल्लं होतं का तिने?"

मला माहीत नव्हतं. अख्ख्या तालुक्याला काय खाल्लं, किती खाल्लं विचारणारा माणूस मी. वीस वर्षं समोरच्या टेबलावर बसलेल्या बाईने शेवटच्या सकाळी काही खाल्लं होतं की नाही, हे मी कुणालाही विचारलं नव्हतं. मी मान हलवली. ती उठून आत गेली.

नवरा येऊन बसला आणि मी प्रश्न सुरू केले. शेफाली आतूनच उत्तरं देत होती, कित्येकदा प्रश्न पुरा व्हायच्या आत, तुझ्या फॉर्मचा क्रम तिला पाठ होता. माझं बंगाली अडलं की ती शब्द पुरवायची. शेवटी ती बाहेर आली, ओसरीवर चटई टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "बसा."

मी नियम सांगितला. प्रश्न विचारतो त्या घरी आम्ही जेवत नाही, ऑफिसचं तसं आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, माझं बंगाली चुकलं. मग ती म्हणाली, "असं कसं? दिदी दरवर्षी इथेच जेवायची. जेवून हात धुतला की तुमच्याच कागदावर लिहायची आणि मला दाखवायची. म्हणायची, हे बघ शेफाली, हा एक आहे ना, ही मी."

नीला, ही तू होतीस.

तू माझा नियम मोडत होतीस, आणि मोडला हे दरवर्षी प्रामाणिकपणे माझ्याच फॉर्मात, माझ्याच प्रश्नापुढे लिहून मला देत होतीस. आणि मी तुला दरवर्षी पुसत होतो. एवढ्या मोठ्या कामात तू स्वतःला कुठे लिहिलं असशील तर त्या एका रकान्यात. माझी साफ केलेली फाइल तू कधी उघडून बघितली नाहीस असं मी धरून चाललोय. बघितली असशील तर "चल, एकदा जेवायला चल" या तुझ्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होतो, आणि तो मला सोसणार नाही.

मी चटईवर बसलो. भात, डाळ, वांग्याची भाजी आणि तळ्यातला मासा. मला शेपटाकडचा तुकडा मिळाला. अकोल्याचा माणूस, काटे काढता काढता माझी बोटं दुखली. शेफालीचा नवरा कौतुकाने बघत होता. मी विचारलं, दिदी कुठला तुकडा खायची? शेफाली म्हणाली, "दिदीला मुडो." मुडो म्हणजे डोकं, जे घरातल्या मानाच्या माणसाला वाढतात. आज डोकं कुठे आहे, हे मी विचारलं नाही. तिने ते रांधलं होतं, मला कढईत दिसत होतं. ते तिने कुणाच्याच ताटात वाढलं नाही.

आणि तुला खरं सांगतो, त्या घडीलाही, डोळे भरून आलेले असताना, मला त्या डोक्याचा हेवा वाटला.

निघताना शेफाली म्हणाली, पुढच्या वर्षी या. मी विचारलं, तेव्हा मला मुडो मिळेल? ती म्हणाली, "बघू." तुझ्याशी बोलताना ती अशीच बोलत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

परत आल्यावर मी डायरेक्टरांकडे गेलो आणि दोन वर्षांपूर्वी काय बोललो होतो ते चुकीचं होतं, असं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "लिहून दे." लिहून दिलं, इंग्रजीत, सही करून, आणि ते सगळ्या ऑफिसला वाचून दाखवा असंही त्यातच लिहिलं. कारण हे मी मराठीत लिहितोय, आणि आपल्या ऑफिसात मराठी वाचणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आडोसा शोधायची माझी सवय तुला माहीत होतीच. हे सगळं म्हणजे वरातीमागून घोडं. तुला प्रमुख करता येत नाही, संदेश परत करता येत नाही.

रकाने तेवढे परत करता येतात. काल दुपारी मी ती फाइल उघडली आणि अकरा शून्यं एकेक करून पुसली. जिथे जिथे तू होतीस तिथे एक लिहिला. मग या वर्षीचा फॉर्म भरला. घरच्यांखेरीज किती जण जेवले? एक.

बारा ओळी लाल झाल्या. मीच शिकवलेलं यंत्र, मलाच विचारायला लागलं. आकडा गेल्या वर्षीइतकाच आहे, कारण लिहा, नाहीतर पुढे जाता येणार नाही. जागा फार थोडी असते तिथे.

तुझ्या अकरा ओळींपुढे लिहिलं, "जेवली होती."

बाराव्या ओळीपुढे लिहिलं, "जेवलो. शेपटाचा तुकडा."